जिवाणू खत दिलं तरी रोप थबकलेलंच? पाकिटाला दोष देण्याआधी हे तपासा

"ॲझोटोबॅक्टर सोडलं, पीएसबी सोडलं, आठ दिवस झाले, तरी टोमॅटोचं रोप आहे तिथंच आहे." ही दोन्ही जिवाणू खतं: पहिलं हवेतलं नत्र पकडतं, दुसरं, म्हणजे पीएसबी, मातीत बांधलेलं स्फुरद मोकळं करतं. रोपांचा हंगाम सुरू झाला की ही तक्रार ठरलेली. शेतकरी विचारतात, गच्चीवर वांगी-मिरची लावणारेही विचारतात. त्यामागोमाग दोनपैकी एक निष्कर्ष येतो. पाकीट बोगस निघालं, नाहीतर हे जिवाणू वगैरे सगळं नुसतं बोलण्यापुरतंच.

बोगस माल बाजारात आहे, ते खरंच आहे. पण माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा घोटाळा दुसरीकडेच असतो. एकतर जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोचलेले नसतात, नाहीतर रोपाचं दुखणं जिवाणूंनी बरं होणारं नसतं. यातलं आपल्याकडे कोणतं घडलंय हे आधी ठरवायचं. त्याशिवाय दुसरं पाकीट आणू नका.

आधी रोप काढून मूळ पाहा

पान बघून निदान करायची घाई नको. ट्रेमधला एक कप्पा खालून बोटाने दाबा, रोप गड्ड्यासकट वर उचला आणि कोकोपीट पाण्याच्या भांड्यात हळूहळू सुटू द्या. ओढू नका, बारीक मुळ्या तुटतात आणि पाहायच्या असतात नेमक्या त्याच. सुटलेलं मूळ गडद रंगाच्या ताटलीत थोड्या पाण्यात पसरा. निरोगी मूळ पांढरंशुभ्र दिसतं, मुख्य मुळातून आडव्या मुळ्या फुटलेल्या असतात आणि टोकाच्या जरा मागे मखमलीसारखी बारीक लव दिसते. ती लव म्हणजे मूलरोम. पाणी आणि अन्न घेण्याचा मोठा भार त्यांच्यावरच असतो.

जिवाणूंचं पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं काम इथेच दिसतं. ॲझोस्पिरिलम, स्युडोमोनास, बॅसिलस यांच्या अनेक जाती ऑक्झिन गटातलं संप्रेरक तयार करतात. त्यामुळे आडव्या मुळ्या आणि मूलरोम वाढतात. काही जिवाणू मुळावर ताण आला की तयार होणाऱ्या इथिलीनचा कच्चा माल फोडून टाकतात, त्यामुळे ताणातही मुळाची वाढ चालू राहते. काही जण लोह पकडून ठेवणारे पदार्थ सोडतात आणि रोगकारक बुरशीला लोहाची टंचाई करतात. हवेतलं नत्र स्थिर करण्याचं काम ॲझोटोबॅक्टर करतो हे खरं, पण त्याला त्यासाठी भरपूर सेंद्रिय कर्ब जाळावा लागतो. ट्रेमधल्या वीस-पंचवीस दिवसांत त्या नत्रावर रोप हिरवंगार होईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून आठव्या दिवशी उंची मोजून उपयोग नाही. फरक पडला असेल तर तो आधी मुळात दिसेल, शेंड्यात मागाहून. अमेरिकेत जोसेफ क्लोपर आणि मिल्टन श्रॉथ यांनी 1978 मध्ये अशा जिवाणूंना 'वाढीला चालना देणारे मुळालगतचे जिवाणू' अशा अर्थाचं नाव दिलं, तेही मुळ्याच्या पिकावरच्या कामातून. मुळालगतच्या मातीचा हा पट्टा किती वेगळा असतो हे तर जर्मनीतल्या लोरेन्झ हिल्टनर यांनी 1904 मध्येच मांडलं होतं. हा पट्टा मुळापासून जेमतेम एक-दोन मिलिमीटर असतो. जिवाणू द्यायचे ते तिथे.

आता ताटलीतल्या मुळाकडे परत या. टोकं तपकिरी आणि हाताला बुळबुळीत लागत असतील तर पाणी जास्त होतंय किंवा मूळकुजीची सुरुवात आहे. मूळ पांढरं पण आखूड आणि पानांच्या कडा करपलेल्या असतील तर क्षारांचा संशय घ्या. पांढऱ्या मुळीचं जाळं भरपूर आहे आणि तरीही रोप फिकट, बुटकं आहे, तर ते उपाशी आहे. त्याला थोडं अन्न हवंय. आणि मुळावर गाठी दिसल्या तर पुढे शेंगवर्गीय भाज्यांबद्दल लिहिलंय ते नक्की वाचा.

ज्या दुखण्यावर जिवाणूंचा इलाज नाही

कोकोपीटपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त रोपं इथेच अडकतात. नारळाच्या काथ्याच्या भुशात मुळातच सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. नीट न धुतलेली वीट आणली, भिजवून तशीच ट्रेमध्ये भरली की उगवण बरी होते आणि दोन पानांवर रोप थांबतं. चांगल्या धुतलेल्या कोकोपीटचा ईसी (क्षार किती आहेत ते सांगणारं माप, एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर) 0.5 च्या आसपास किंवा त्याखाली असतो. पेनासारखं ईसी मीटर रोपवाटिकेत असायलाच हवं, पाच पाकिटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. त्याच मीटरने बोअरचं पाणीही तपासा. पाण्याचा ईसी साधारण 1 च्या वर गेला की मिरची मागे पडायला लागते, टोमॅटो 1.7 पर्यंत तग धरतो, घेवडा तर 0.7 लाच कुरकुरतो. हे आकडे मोठ्या पिकाच्या उत्पादनाचे आहेत, कोवळं रोप त्याहून नाजूक असतं. अशा पाण्यात कितीही जिवाणू सोडा, क्षार तिथेच राहणार.

दुसरं थंडीचं. निफाड-सिन्नरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा उतरला की टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी पडते. "स्फुरद कमी पडलं, पीएसबी द्या" असा सल्ला लगेच मिळतो. स्फुरद बहुतेकदा असतं. मुळालगत 15 अंशांखाली गारठा गेला की मूळ ते उचलू शकत नाही, आणि त्याच गारठ्यात जिवाणूही मंदावलेले असतात. इथे रात्री ट्रे झाकणं, ट्रे जमिनीवरून उचलून मांडवावर ठेवणं आणि संध्याकाळी गार पाणी न देणं हाच उपाय. ऊब आली की आठवड्याभरात नवी पानं हिरवी निघतात.

तिसरं पाणी. मूठभर माध्यम, म्हणजे ट्रेमधलं कोकोपीट, घट्ट पिळा. बोटांमधून चार-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर मुळांना हवा नाही. ॲझोटोबॅक्टरला हवा लागते, बॅसिलसलाही ती मानवते, मुळाला तर लागतेच. जमिनीत आपण ज्याला वाफसा म्हणतो तीच स्थिती ट्रेमध्येही हवी. सतत ओलं ठेवलेल्या ट्रेमध्ये पिथियमसारखी रोप कोलमडवणारी बुरशी आधी पोचते.

जिवाणू मुळापर्यंत जिवंत पोचले का?

मूळ निरोगी आहे, क्षार नाहीत, गारठा नाही, तरी दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांत काहीच फरक नाही. मग पाकिटापासून मुळापर्यंतचा प्रवास तपासा.

खत नियंत्रण आदेशात जैविक खतं 2006 मध्ये आली. त्या मानकांप्रमाणे रायझोबियम (शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू), ॲझोटोबॅक्टर, पीएसबी यांच्या पावडरमध्ये एका ग्रॅमला किमान 5 कोटी आणि द्रवरूपात एका मिलिलिटरला किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. पाकिटावर हा आकडा, जातीचं नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख नसेल तर ते घेऊ नका. पावडरची मुदत साधारण सहा महिन्यांची, द्रवरूपाची त्याहून जास्त. पण ही मुदत सावलीत, थंड जागी ठेवलेल्या मालाची. पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेल्या पाकिटावर तारीख पुढची असली तरी आत काय उरलंय ते सांगता येत नाही. शक्य असेल तर कृषी विद्यापीठांच्या केंद्रांतून ताजा माल घ्या. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आणि परभणीच्या विद्यापीठात तो तयार होतो. पावडर हाताला किंचित ओलसर लागली पाहिजे. कोरडी ठक्क भुकटी उडत असेल तर ती परत करा.

पाकीट चांगलं असलं तरी आपणच ते मारतो. यात सर्वांत मोठा वाटा बीजप्रक्रियेचा आणि आळवणीचा, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतण्याचा.

टोमॅटो-मिरचीचं हायब्रीड बियाणं लाल, निळं, हिरवं दिसतं. तो रंग म्हणजे त्यावर औषध आहे याची खूण असते, बहुतेकदा थायरमसारखं बुरशीनाशक. थायरम, कॅप्टन, मॅन्कोझेब ही औषधं पेशीत एकाच ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी घाव घालतात, त्यामुळे जिवाणूंनाही लागतात. अशा बियाण्याला जिवाणू चोळण्यात अर्थ नाही. जिवाणू माध्यमात मिसळा, म्हणजे मूळ बाहेर आलं की त्याला ते भेटतील. घरचं बियाणं असेल तर क्रम पाळा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी आधी. एक किलो बियाण्याला 25 ग्रॅम पावडर, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायची आणि बियाणं सावलीत सुकवायचं. गुळाचं पाणी कोमट असतानाच पावडर टाकायची घाई होते, ती टाळा.

रोपं कोलमडायला लागली की कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी होते, कधी त्यात स्ट्रेप्टोमायसिनही पडतं. तांबं जिवाणूंना मारतं आणि अँटिबायोटिक तर त्यासाठीच बनलेलं आहे. तांबं माध्यमात टिकूनही राहतं. तेव्हा अशा ट्रेमध्ये चार दिवसांनी पुन्हा जिवाणू सोडण्यापेक्षा त्या ट्रेपुरता नाद सोडा आणि लागवडीच्या वेळी मुळं बुडवून द्या. कार्बेन्डाझिमचं उलट आहे. ते बुरशीच्या पेशीविभाजनावर काम करतं, जिवाणूंना त्याची विशेष झळ लागत नाही. पण ट्रायकोडर्मा दिलं असेल तर ते मरतं, कारण ट्रायकोडर्मा जिवाणू नाही, बुरशी आहे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात म्हणून हा गोंधळ होतो. जोडऔषध घेताना डब्यावरचे दोन्ही घटक वाचा. मेटालॅक्झिल एकटं असेल तर एकवेळ ठीक, सोबत मॅन्कोझेब असेल तर जिवाणू मागाहून.

गच्चीवरच्या मंडळींसाठी: नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बादलीत पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा आणि सकाळी त्यात जिवाणू कालवा. तांब्याची भांडी मात्र यासाठी नको. फवारणीचा पंप वापरणार असाल तर तो औषधाच्या पंपापेक्षा वेगळा ठेवा.

आणि आता प्रमाणाचा प्रश्न, ज्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. एकरी दोन किलो पावडर म्हणजे 5 कोटींच्या हिशेबाने 10,000 कोटी जिवाणू. आकडा प्रचंड वाटतो. पण एकराचा वरचा 15 सेंटिमीटरचा मातीचा थर साधारण नऊ लाख किलो भरतो. ते सगळे जिवाणू त्यात सारखे पसरले तर एका ग्रॅम मातीला शंभरेक येतात, आणि चांगल्या मातीच्या त्याच एका ग्रॅममध्ये मूळचे जिवाणू कोटींनी असतात. तिथे आपल्या शंभरांचा टिकाव लागत नाही. त्याउलट अर्धा किलो पावडर दहा लिटर पाण्यात कालवली तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये 25 लाख जिवाणू होतात, आणि लागवडीआधी रोपाची मुळं त्यात बुडवली की ते थेट मुळावर बसतात. पाकीट तेच, पावडर उलट कमी. मोकळ्या वावरात कोरड्या मातीवर भर उन्हात फेकलेल्या पावडरीचा तर विचारच नको, उन्हाळ्यात काळ्या जमिनीचा वरचा थर दुपारी 50 अंशांच्या पुढे तापतो. शेतात द्यायचंच असेल तर चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून दोन-चार दिवस सावलीत ठेवा आणि संध्याकाळी ओळीत, मुळाजवळ, वाफशावर द्या. ठिबकमधून द्रवरूप सोडत असाल तर तेही विद्राव्य खतासोबत किंवा ॲसिडसोबत नको, स्वतंत्र पाळीत.

मेथी, वाटाणा, गवार, घेवडा: इथे पाकीटच चुकतं

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांना रायझोबियमच्या गाठी येत नाहीत. तरीही ही पाकिटं त्यांच्यासाठी घेतली जातात. शेंगवर्गीय भाज्यांना येतात, पण तिथेही प्रत्येकाचा जिवाणू वेगळा. सोयाबीनचं उरलेलं पाकीट वाटाण्याला चालत नाही. वाटाण्याचा गट निराळा, चवळी-गवारीचा निराळा, घेवड्याचा निराळा. मेथीला लागतो तो लसूणघासाच्या गटातला, म्हणून पूर्वी लसूणघास होता त्या तुकड्यात मेथी बऱ्याचदा आपोआप चांगली येते. पाकिटावर पिकाचं नाव लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या.

आता गाठींची ओळख. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी मेथीचं किंवा चवळीचं रोप मातीसकट उपटा, मूळ धुवा. रायझोबियमची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने टिचकी मारली की अलगद सुटते. ती ब्लेडने आडवी कापा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर ती काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीच्या द्रव्याचा असतो. आत पांढरी असेल तर ती कोवळी आहे किंवा निकामी, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं. गाठीच नाहीत आणि रोप मात्र गर्द हिरवं आहे, असं दिसलं तर तुम्ही युरिया किती टाकलात ते आठवा. मातीत तयार नत्र भरपूर असलं की रोप जिवाणूंना थारा देत नाही.

टोमॅटो, वांगी, भेंडीच्या मुळावर गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या. त्या मुळाच्या बाजूला नसतात, मूळच तिथे फुगलेलं असतं, सोलून काढायला गेलात तर मूळ तुटतं. "जिवाणू छान काम करतायत, बघा किती गाठी आल्या" असं आनंदाने सांगणारे लोक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं. कारण ती रोपं शेतात लावली की सूत्रकृमी शेतात जातात आणि मग वर्षानुवर्षं निघत नाहीत. असा ट्रे किंवा गादीवाफा दिसला तर रोपं लावू नका.

जमिनीची बाजू

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू (पीएच) बहुतेकदा 8 च्या वर असतो, स्फुरद कॅल्शियमला बांधलं जातं. पीएसबी सेंद्रिय आम्लं सोडून ते मोकळं करतात. पण चुनखडी खूप असेल तर ती आम्लं जागच्या जागी विरतात आणि परिणाम थोडाच दिसतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला बांधलेलं असतं, तिथलं गणितच वेगळं. आणि दोन्हीकडे जिवाणूंना खायला कर्ब लागतो. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली आला असेल तर मी आधी कंपोस्ट, शेणखत, हिरवळीचं खत यांवर खर्च करायला सांगतो आणि जिवाणू त्यांच्यासोबत. नुसतं पाकीट तिथे टिकत नाही. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच. कच्च्या शेणाने रोपाला अमोनियाची झळ लागते, आणि त्यातला काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, रोप पिवळं पडतं.

जीवामृताबद्दल हमखास विचारलं जातं. 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती हे एकराचं मिश्रण जमिनीसाठी उत्तम. पण ट्रेमधल्या दोन पानांच्या रोपाला ते जसंच्या तसं ओतलं तर गोमूत्राचे क्षार आणि अमोनिया आधी बोलतात. गाळून, चांगलं पातळ करून, एका कोपऱ्यात देऊन बघा. सात-आठ दिवसांपेक्षा जुनं वापरू नका.

खरंच काम करतंय का, हे घरीच ठरवा

तीन ट्रे घ्या, एकाच घाण्याचं कोकोपीट, एकाच पुड्यातलं बियाणं. पहिल्याला साधं पाणी. दुसऱ्याला जिवाणूंचं द्रावण. तिसऱ्याला तेच द्रावण, पण त्यातले जिवाणू मारून. तिसरा ट्रे लोक वगळतात आणि तिथेच फसतात, कारण द्रवरूप खताच्या बाटलीत जिवाणूंसोबत थोडं अन्नही असतं, पावडरमध्येही काहीबाही असतं. दुसरा आणि तिसरा ट्रे सारखेच वाढले तर फरक त्या अन्नाचा होता, जिवाणूंचा नाही. ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, स्युडोमोनास उकळीने मरतात. बॅसिलसचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात, त्यासाठी कुकर लागतो: बाटलीत भरून, झाकण सैल ठेवून, शिट्टीनंतर मंद आचेवर अर्धा तास. कुकर स्वयंपाकाचा नको. द्रावण पूर्ण थंड करून मगच द्या. ट्रेची जागा दर दोन-तीन दिवसांनी अदलाबदल करा, कडेच्या ट्रेला ऊन जास्त मिळतं. टोमॅटो असेल तर तीन आठवड्यांनी प्रत्येक ट्रेमधून काही रोपं धुऊन मुळं शेजारी शेजारी ठेवा. उत्तर मिळेल.

ट्रे आत्ताच थबकलेले असतील तर

आज एक रोप धुऊन मूळ बघा आणि निथळलेल्या पाण्याचा ईसी मोजा. जास्त आला तर गोड्या पाण्याने माध्यम धुऊन काढा, पाणी खालून नितळू द्या. मूळ ठीक आणि रोप फिकट असेल तर 19:19:19 हे विद्राव्य खत अर्धा ते एक ग्रॅम लिटरला, एकदा. दोन-तीन दिवस जाऊ द्या. तोवर तांब्याची किंवा अँटिबायोटिकची आळवणी झाली नसेल तर त्यानंतर सायंकाळी जिवाणूंचं द्रावण द्या, इतकंच की माध्यम ओलं होईल, खाली वाहून जाणार नाही. झाली असेल तर थांबा. लागवडीच्या दिवशी सावलीत बसून, दहा लिटरला अर्धा किलो पावडर किंवा बाटलीवर लिहिलंय तेवढं द्रवरूप, रोपांची मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवा आणि ऊन उतरल्यावर लावा. सरीत ओल आधीच असू द्या. लावल्यावर लगेच पहिलं पाणी, आणि पुढचा आठवडाभर बुंध्याशी युरिया नको.